केसभर पुढे

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आजवर जेवढा माल रिजेक्ट झाला असेल, त्यातला निदान निम्मा एकट्या माझ्या मामेसासऱ्यांनी केला असावा, असा माझा संशय आहे. आणि जेवढा पास झाला त्यातलाही निम्मा रिजेक्ट व्हायला हवा होता, असा त्यांचा संशय आहे. एका फोर्जिंग कंपनीत ते चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तिथे लालभडक तापलेल्या लोखंडावर घण आदळायचे आणि त्यातून ट्रकचे पुढचे ॲक्सल तयार व्हायचे. गार झालेला एकेक ॲक्सल मामांसमोर टांगला जाई. मामा लहान हातोडीनं त्याला एक ठोका मारत, मान वाकडी करत आणि ऐकत. खणखणीत वाजला तर पास; बद्द वाजला तर आत कुठेतरी भेग. डोळ्याला न दिसणारी भेग कानाला सापडते, यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. शेजारीच घण आदळत असल्यामुळे कंपनी सगळ्यांना कानात घालायला बोळे देई. मामांनी ते कधीही घातले नाहीत. "कान बंद करून तपासणी करायची? म्हणजे खराब माल गुपचूप पास व्हायला रस्ता मोकळा. बोळे देण्यामागे डाव काय आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," असं ते मला कितीतरी वेळा म्हणाले आहेत.

माणूस रिटायर झाला तरी तपासणी रिटायर होत नाही. पिंपळे गुरवमध्ये कुणी नवा फ्लॅट घेतला की ताबा घ्यायच्या आधी मामांना बोलावणं येतं. मामा गुडघ्यावर बसून प्रत्येक फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक करत जातात आणि जिच्याखाली सिमेंट कमी आहे तिच्यावर खडूनं फुली मारतात. बिल्डरची माणसं त्यांना लांबून ओळखतात आणि चहा पाजतात. मामा चहा घेतात, पण चहा का पाजला याचा विचार करत घेतात. कलिंगड, नारळ, माठ, कपाटाचं दार, पुतण्याच्या नव्या दुकानाचा काउंटर, सगळं त्यांनी वाजवून बघितलेलं आहे. पेट्रोल भरलं की त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून ते गॅलरीत ठेवतात आणि तळाला पाणी साचतं का ते दोन दिवस बघतात. दिव्यानं ते पेटेल या भीतीनं मामींनी देवघर गॅलरीलगतच्या खोलीतून पार मागच्या खोलीत हलवलं. बँकेतून फोन आला तर मामा आधी बँकेचीच उलटतपासणी घेतात. एकदा खरोखरच्या बँकेच्या खरोखरच्या मॅनेजरनं अर्ध्या तासानंतर स्वतःहून फोन ठेवून दिला, आणि "बघा, पळाला," असं म्हणून मामा समाधानानं जेवायला बसले.

या तपासणीतून मीही गेलो आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे असं आम्ही सांगितलं. मुलीच्या आईवडिलांना ते पटलं. मामांना पटलं नाही. ते एका मंगळवारी चाकणला आले, कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर कंपनी सुटायच्या वेळी उभे राहिले आणि मी खरंच बाहेर येतो का ते त्यांनी पाहिलं. मी आलो. पण बाहेर आलेला माणूस आत काम करतच होता हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी गेटवरच्या सिक्युरिटीला विचारलं, "हा रोज येतो, का आजच आलाय?" तो बिचारा म्हणाला, "क्या मालूम साब, इतने लोग आते हैं." लग्न झालं, आम्हाला दोन मुलं झाली, पण सिक्युरिटीचं ते उत्तर मामा अजून विसरलेले नाहीत. क्वालिटीच्या भाषेत मी 'डेव्हिएशनवर पास' झालेला जावई आहे, म्हणजे मापात बसत नाही, पण गरज आहे म्हणून चालवून घेतलेला. तरीही त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, कारण त्यांच्या रविवारच्या कामाला दुसरं कुणी जात नाही.

रविवारचं काम म्हणजे गाडी. मामांकडे ऐंशीच्या दशकातली एक पेट्रोल गाडी आहे. क्रीम रंगाची, गोल दिव्यांची, पुढून लोखंडी हँडल घालून फिरवून सुरू करता येईल अशी. नव्या गाड्या मामांना मान्य नाहीत. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, आणि "लपवायचं काही नसेल तर झाकता कशाला?" या त्यांच्या प्रश्नाला आजवर एकाही शोरूमवाल्याला उत्तर देता आलेलं नाही. त्यांच्या गाडीत सगळं उघडं आहे. ठिणगी कुठून निघते, कुठून जाते, कुठे पडते, ते बोट लावून दाखवता येतं. मामांनी मला ते इतक्या वेळा दाखवलं आहे की माझ्या दोन शर्टांवर त्याचे डाग आहेत.

ही गाडी जगात दोनच माणसांना कळते. एक मामा आणि दुसरे तळवड्याचे मिस्त्री. मिस्त्री तिथले मूळचे. त्यांच्या शेतावर कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या, त्यांचा दोन मजली बंगला झाला, दारात दोन नव्या गाड्या आल्या, पण गॅरेजचं शटर रोज सकाळी आठला स्वतःच्या हातानं वर करायचं त्यांनी सोडलं नाही. तीस वर्षं मामा दर शनिवारी त्यांच्याकडे जात आले. गाडीला काही झालेलं असो वा नसो. "या इनिस्पेक्टर, घ्या झडती," असं मिस्त्री म्हणत आणि मामा खरोखरच झडती घेत. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकले की मामा मागून टॉर्च धरून उभे. नवा प्लग बसवला की जुना प्लग ताब्यात हवा, नाहीतर नव्याच्या नावाखाली तोच घासूनपुसून परत बसवला नाही कशावरून? मिस्त्री न मागता जुना प्लग कागदात गुंडाळून त्यांच्या हातात देत. मामांच्या घरी बेडखाली तीस वर्षांचे प्लग आहेत. त्यांची मैत्री अशी होती, आणि मला खरं सांगायचं तर तिचा हेवा वाटायचा. माझ्यावर कुणी इतकं लक्ष ठेवलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मामा मिस्त्रींनाही हात लावू देत नसत, आणि ती बाब म्हणजे टायमिंग. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी कोणत्या क्षणी पडते याला फार महत्त्व असतं. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी पडली तर गाडी मजेत चढ चढते, उशिरा पडली तर आळसावते, आणि फारच आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा तडाखा बसतो. ही वेळ पुढेमागे करायला डिस्ट्रिब्यूटर म्हणून एक डबा असतो. त्याचा नट सैल करून तो हातानं जरासा फिरवायचा. मिस्त्री त्यासाठी लुकलुकणारा दिवा लावून फिरत्या पुलीवरची खूण बघतात. मामांचा त्या दिव्यावर विश्वास नाही. ते रविवारी सकाळी, ट्रॅफिक वाढायच्या आत, देहूरोडच्या पुढच्या चढावर एकटेच गाडी नेतात, कारण शेजारी कुणी श्वास घेतला तरी ऐकण्यात घोळ होतो, वरच्या गिअरमध्ये तिला मुद्दाम दाबतात आणि ऐकतात. टायमिंग जास्त पुढे गेलं की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा बारीक खडखडाट येतो. तो येईपर्यंत डबा केसभर पुढे, केसभर पुढे करत जायचं. आला की केसभर मागे घ्यायचं आणि नट आवळायचा. "संपलं. आता याच्यापेक्षा बरोबर टायमिंग कंपनीला पण लावता यायचं नाही," असं म्हणून ते हात पुसत. वर्षानुवर्षं ते असंच चाललं, आणि गाडी खरोखर घड्याळासारखी चालली.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर गाडी सुरू होईना. म्हणजे अगदीच होईना असं नाही, पण किल्ली फिरवली की स्टार्टर दोन गिरक्या घेई आणि आतून कुणी उलटा ढकलल्यासारखा अडखळे. गाडी तापलेली असली की आणखीच हट्ट करी. मामांना आनंद झाला असं म्हणणं बरोबर नाही, पण त्यांचे डोळे चमकले हे मी पाहिलं. इतकी वर्षं त्यांना ज्याची खात्री होती ते अखेर घडलं होतं. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी केलं होतं. आता फक्त कुणी ते शोधायचं होतं.

पहिला संशय पेट्रोलवर. गॅलरीतल्या बाटल्या एकाच्या तीन झाल्या. पाणी निघालं नाही. दुसरा संशय बॅटरीवर. बॅटरी दुकानात नेऊन तपासली, ठणठणीत निघाली, तेव्हा दुकानदाराचं मीटरच खोटं असणार म्हणून दुसऱ्या दुकानात नेली. तिसरा संशय वॉचमनवर, कारण तो गाडीच्या सावलीत डबा खातो. चौथा माझ्या मेहुण्यावर, त्यानं दिवाळीत गाडीकडे बघून "मामा, आता इलेक्ट्रिक घ्या," असं म्हटलं होतं. प्लग, कॉईल, पॉइंट, सगळं मिस्त्रींनी शनिवारी एकेक करून बदललं आणि जुनं कागदात गुंडाळून दिलं. रविवारी गाडी पुन्हा अडखळली. मग एका रविवारी मामांनी मला आवाज बारीक करून सांगितलं, "जावई, प्रत्येक पार्ट बदलून झालाय. म्हणजे पार्टमध्ये दोष नाही. आता उरला तो हात." मी म्हटलं, कुणाचा? तर म्हणाले, "त्याच्याशिवाय बॉनेट कोण उघडतं?"

मला हसू आलं. मी म्हटलं, मामा, मिस्त्री कशाला असं करतील? पण यावर त्यांची तयारी होती. मिस्त्री दरवेळी म्हणतात, की कधी गाडी विकावीशी वाटली तर मला सांगा. "ज्याच्या दारात दोन नव्या गाड्या आहेत, त्याला जुनी हवी कशाला?" शिवाय गाडीत दम राहिला नव्हता. "माझी नजर चुकवून टायमिंग मागे ठेवतो तो. चढावर काही म्हणजे काही आवाज येत नाही. मी दर रविवारी केसभर पुढे घेतो, तरी येत नाही." आणि पुरावा हवा म्हणून त्यांनी मामींचं लाल नेलपॉलिश आणून डिस्ट्रिब्यूटर आणि त्याखालचं लोखंड यांच्यावरून एक सरळ रेघ ओढली. डबा कुणी केसभरापेक्षा जास्त हलवला तर रेघ तुटणार. मी त्या रेघेचा फोटो काढून ठेवायचा, ही माझी ड्युटी.

त्यांचा संशय या दोन वर्षांत एकूणच वाढला होता, हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. कुकर शिट्ट्या देत नाही म्हणून त्यांनी दोन कुकर परत केले होते. हातातल्या घड्याळाचा गजर वाजत नाही म्हणून घड्याळवाल्याशी तीनदा भांडण झालं, आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, "काका, वाजतंय की." मामा त्या दुकानासमोरून जाणंच टाळू लागले.  मामींनी मुकाट्यानं शिट्ट्या स्वतः मोजायला सुरुवात केली होती.

फेब्रुवारीत एका सकाळी स्टार्टर अजिबात उचलेना, म्हणून मामांनी हँडल काढलं. हँडल कसं धरायचं ते त्यांनी मला शंभरदा शिकवलं आहे. अंगठा दांडीभोवती गुंडाळायचा नाही, हँडल उलटं फिरलं तर हात सुटला पाहिजे. त्यांनी अगदी तसंच धरलं होतं. एक झटका दिला, इंजिन फुरफुरलं आणि हँडल असं उलटं आलं की मामांच्या मनगटातून कट्‌ असा आवाज आला. तो मला ऐकू आला. मामा खाली बसले, मनगट छातीशी धरून, आणि पहिलं वाक्य काय बोलले? "फोटो काढा. आधी रेघेचा फोटो काढा." मी बॉनेट उघडलं. लाल रेघ मधून तुटली होती आणि वरचा तुकडा खालच्यापासून चांगला बोटभर सरकला होता.

हाताला प्लास्टर घालून, रिक्षानं, मला बरोबर घेऊन मामा तळवड्याला गेले. गॅरेजमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. मिस्त्रींनी प्लास्टर बघितलं आणि हातातला पाना तसाच खाली ठेवला. "अरं अरं, इनिस्पेक्टर, ह्ये काय करून घेतलं?" मामांनी मला मोबाइल दाखवायला सांगितलं. मिस्त्रींनी फोटो बघितला, चष्मा वर केला, परत बघितला.

"ह्यो डबा म्या न्हाई हलवला," ते म्हणाले. "तुमी रविवारी हलवता, न्हवं?"

"मी केसभर हलवतो."

"केसभर. आन् किती रविवार?"

"किती का असेनात! माझ्याकडे कान आहे, मिस्त्री. खडखड आली की मी मागे घेतो. आलीच नाही तर मागे कशाला घेऊ? तूच आधी एवढं मागे ठेवलंस की—" आणि मग मामा सगळ्यांसमोर जे बोलले ते मला लिहायला अजून बरं वाटत नाही. "तीस वर्षं तुझं काम पास करत आलो. आज रिजेक्ट."

 मिस्त्री मामांकडे बघत राहिले, रागानं नव्हे, तर एखाद्या इंजिनाकडे कान देऊन बघावं तसं. मामा रिक्षात बसले. पुढच्या शनिवारी ते तळवड्याला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. शनिवारी सकाळी ते कपडे करून तयार होत, सोफ्यावर बसत आणि दहा वाजता कपडे बदलत. मामींनी मला फोन केला. "जावईबापू, गाडी गेली खड्ड्यात. पण या माणसाला तो एकच मित्र आहे हो. दुसरा कुणी यांना तीस वर्षं सहन करील का?" म्हणाल्या आणि रडल्या. मला तेव्हा मामांचा राग आला. माणसानं संशय घ्यावा, पण आपल्याच हातानं आपलं एवढं नुकसान करून घेऊ नये.

मी मिस्त्रींना भेटायला निघालोच होतो, तर रविवारी सकाळी मिस्त्रीच पिंपळे गुरवला हजर. त्यांनी मामांना नमस्कार केला. मामांनी मान हलवली, तीही माझ्याकडे बघून. मिस्त्री म्हणाले, "गाडी जशी हाय तशीच चढावर न्यायची. लाल रेघंला कुणी हात लावायचा न्हाई. इनिस्पेक्टरांच्या समोर समदं." तपासणीची भाषा ऐकून मामांना नाही म्हणता येईना. सोसायटीच्या उतारावरून वॉचमननं आणि मी गाडी ढकलली, मिस्त्रींनी गिअरमध्ये क्लच सोडला आणि दोन आचके देऊन गाडी सुरू झाली. मिस्त्री चालवायला, शेजारी प्लास्टर मांडीवर घेऊन मामा, मागे मी.

देहूरोड ओलांडलं, चढ लागला आणि मिस्त्रींनी वरच्या गिअरमध्ये गाडी दाबली. पुढच्याच क्षणी इंजिनातून असा खडखडाट सुरू झाला की मी दचकून पुढची सीट धरली. पत्र्याच्या डब्यात हरभरे नव्हे, पोतंभर हरभरे कुणीतरी पत्र्यावर ओतत होतं. शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं वळून बघितलं. आणि त्या सगळ्या आवाजात मामा मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, "बघा. जरा तरी आवाज आहे का? मेलंय इंजिन. एवढं मागे ठेवलंय यानं टायमिंग."

मिस्त्रींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना त्या दिवशी गॅरेजमध्येच कळलं होतं, हे मला तेव्हा समजलं. मामांचा कान गेला होता. सगळा नव्हता गेला. आमचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. गेला होता तो फक्त बारीक आवाज, आणि चौतीस वर्षं जेवले होते ते त्या बारीक आवाजावर. खडखड ऐकू येत नाही म्हणून त्यांनी रविवारामागून रविवार डबा पुढे, आणखी पुढे नेला होता. गाडी सुरू होत नव्हती ती त्यामुळे, आणि मनगट मोडलं तेही त्यामुळेच.

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात न काढता ते म्हणाले, "तुमचं बराबर हाय, इनिस्पेक्टर. चूक माझीच. नट म्या ढिला ठिवला व्हता, त्यो सरकला."

मला वाटलं, मिटलं. मामा आता दोन वाक्यं सुनावतील, मिस्त्री ऐकून घेतील आणि शनिवारी चहा होईल. पण मी मामांना ओळखत नव्हतो.  "मिस्त्री," ते म्हणाले, "तीस वर्षांत तू एकदा तरी चूक कबूल केलीस?"

"न्हाई."

"मग आजच का?"

मिस्त्री रस्त्याकडे बघू लागले. मामा सीटवर अख्खे मागे वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जावई, आता चढावर तुम्ही काय ऐकलंत? तुम्हाला शपथ वगैरे घालत नाही. सांगा."

मी खोटं बोलू शकलो असतो. मिस्त्री आरशातून मला तेच सांगत होते. पण खोटं बोललो असतो तर तो तीस वर्षांचा मित्र कायमचा गुन्हेगार ठरला असता, आणि मामा पुढच्या रविवारी आणखी केसभर पुढे गेले असते. मी म्हटलं, "खडखड होती, मामा. चढ लागल्यापासून."

"मोठी?"

"मोठी होती."

ते पुन्हा समोर वळून बसले. बाजूनं मालानं भरलेले ट्रक घरघरत चढ चढत होते आणि मामा प्रत्येक ट्रकच्या पुढच्या चाकांकडे बघत होते. एक गेला, दुसरा गेला. मग ते अगदी हळू म्हणाले, "रिटायर होऊन चार वर्षं झाली. पण हे काही रिटायर झाल्यावर सुरू झालेलं नसणार. आधी किती वर्षं... शेवटी शेवटी मी जे ॲक्सल पास केले..."  मला ते अर्धं वाक्य पुरं कळलं. जन्मभर दुसऱ्यावर रोखलेला संशय त्यांनी उचलून स्वतःवर ठेवला होता, आणि त्यांची तपासणी किती कडक असते ते मला माहीत होतं. मी घाईघाईनं म्हटलं, तुमच्यानंतर मशीनवर पण तपासणी होती ना मामा? ते म्हणाले, "मशीनचं सांगू नका."

तेव्हा मिस्त्री बोलले. त्यांनी बहुतेक गेले तीन आठवडे हाच विचार केला असावा. "माझं ऐका. खणखणीत म्हंजी काय? बारीक आवाजच न्हवं? त्यो कानाला लागंना, तर चांगला नग बी तुमास्नी बद्दच वाजणार. खरं का न्हाई? मंग तुमी चांगला माल फेकून दिला असंल. वाईट सोडला नसंल."

मामांनी त्यांच्याकडे संशयानं बघितलं. हा युक्तिवाद त्यांनी उलटसुलट करून, ठोकून, चारही बाजूंनी तपासला, ते मला दिसत होतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "शेवटच्या वर्षी रिजेक्शन फार वाढलं होतं," ते म्हणाले. "प्लँट मॅनेजर रोज ओरडायचा. मला वाटायचं, लोखंडच खराब यायला लागलंय. स्टीलवाल्याला मी दोन पत्रं पाठवली होती." आणि ते हसले. हसता हसता त्यांनी धड हातानं डोळे पुसले. त्यांना ते पुरतं पटलं होतं असं मला वाटत नाही. पण त्यांनी तो माल पास केला, बहुधा डेव्हिएशनवर.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, नट सैल केला, लाल रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर आणले, आणि मग दिवा लावून रेघेच्याही थोडं मागे टायमिंग घेतलं. गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली. मामांनी त्यांची माफी मागितली का, असं मामींनी मला विचारलं. तोंडानं नाही मागितली. घरी आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "मिस्त्री, शनिवारी दहाला येतो," आणि मिस्त्री म्हणाले, "या की. झडती ऱ्हायलीय तुमची."

कानाचं मशीन आता आलं आहे. मामा ते वापरत नाहीत, कारण त्यातून येणारा आवाज खरा कशावरून, हा प्रश्न कानाच्या डॉक्टरांनाही सुटलेला नाही. रविवारी चढावर मात्र आम्ही जातो. शेजारी मिस्त्री बसतात, खडखड आली की तर्जनी वर करतात, आणि मामा गाडी चालवताना रस्त्याकडे कमी आणि त्या बोटाकडे जास्त बघतात. गेल्या महिन्यात मिस्त्रींच्या घरी कार्य होतं, म्हणून चढावर पुढच्या सीटवर पहिल्यांदा मी बसलो. चढ लागला, मामांनी गाडी दाबली, आणि कुठेतरी तळातून अगदी बारीक, असेल-नसेल अशी खडखड मला आली. मी बोट वर केलं. मामांनी गाडी कडेला घेतली, उतरले, नट सैल केला, डबा केसभर मागे घेतला आणि नट आवळला. मी वाट बघत होतो. खात्री आहे का, नक्की ऐकलंत का, पुन्हा एकदा नेऊन बघू का, यातलं काहीतरी ते विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवून बसलो होतो, कारण खरं तर माझी मलाच खात्री नव्हती. त्यांनी काहीही विचारलं नाही. बॉनेट लावलं, हात पुसले आणि "चला जावई," म्हणाले. घरी पोचेपर्यंत मला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं.